खेळातला सेट खरखरत नाही

पहिल्यांदा मी कॉम्प्युटरवर लढायला बसलो तेव्हा चार सेकंदांत मेलो. दुसऱ्या वेळी सहा सेकंद टिकलो. तिसऱ्या वेळी शहाणपणा केला. एका पडक्या भिंतीमागे पालथा पडलो आणि हललोच नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेजारच्या खुर्च्यांवरची पोट्टी कासावीस झाली. एकानं कानावरचा हेडफोन सरकवून विचारलं, "काका, हँग झाले काय?"

"हँग नाही झालो. दबून बसलोय."

"पण असं बसले तं गेम पुढं कसा सरकन?"

"तुझा गेम गेला चुलीत. मी जिवंत आहे ना अजून?"

सगळं दुकान हसलं. पायदळातली सतरा वर्षांची नोकरी घेऊन मी त्या खेळात उतरलो होतो, आणि ज्यानं जन्मात छर्ऱ्याची बंदूकही धरली नव्हती अशा एका चष्मेवाल्यानं मागून येऊन मला सुरा मारला. वर विचारतो कसा, "काका, तुमी खरंच फौजी होते ना?" काही प्रश्नांचं उत्तर कानाखाली असतं. पण ते वय मी मागं टाकलं होतं, म्हणून त्याला चहा सांगितला.

हे दुकान अकोल्यात होतं. सायबर कॅफे. सहा कॉम्प्युटर, एक कूलर, आणि कूलरसमोरची खुर्ची मालकिणीची. मालकीण म्हणजे माझी वैनी. सख्ख्या भावाची बायको नव्हे. पलटणीत माझा एक जोडीदार होता, त्याची बायको. मी अमरावतीकडचा, तो अकोल्याकडचा, एकाच भरतीत लागलो. पलटण सगळी सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पोरांची. त्यांच्यात आम्ही दोघंच वऱ्हाडी, त्यामुळे भाऊ व्हायला आणखी काही लागलं नाही. त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं तेव्हा वर, बर्फाच्या डोंगरात, तो गेला. मी तिथंच होतो.

फौजेतून सुटल्यावर मी अमरावतीत एका बँकेच्या दारात उभा राहू लागलो. बंदूक माझ्या खांद्यावर आणि काडतुसं मॅनेजरच्या कपाटात, अशी आमची सुरक्षा. नोकरीत असताना सुट्टीला आलो की वैनीकडे जायचो. आता महिन्यातून एक रविवार मी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायचो, अकोल्याला उतरायचो, वैनीकडे जेवायचो, दुकानात बसायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. लोक म्हणायचे, काय जीव लावला पाहा दोस्ताच्या घराला! जीव होताच, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण वेगळं होतं. दर महिन्याला मी वैनीला एक गोष्ट सांगायला जात होतो आणि न सांगता परत येत होतो.

तो गेला तेव्हा मी तिला वरून पत्र लिहिलं होतं. "एका क्षणात गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." फौजेत ही दोन वाक्यं शिवून तयार असतात, कुठल्याही घराला बसतात. दोन्ही खोटी होती. आणि तो गेला कशामुळे, हे मी लिहिलंच नव्हतं, कारण त्यात माझी चूक होती. माझ्या तोंडून निघालेला एक शब्द. तो शब्द पोटात घेऊन मी आठ वर्षं तिच्या हातचं जेवत होतो, आणि वर "वैनी, मीठ जरा कमी आहे" असंही म्हणत होतो. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो ते मी स्वतःवरून सांगतो.

त्या वर्षांत आमच्या भागात मरणाची बातमी कोणी शेवटपर्यंत वाचत नसे. पेपर उघडला की रोज एक चौकट, तिच्यात कुणा शेतकऱ्याचं गाव आणि त्यानं घेतलेलं फवाऱ्याचं औषध. मोठ्या लोकांच्या गाड्या यायच्या आणि धूळ उडवून जायच्या. वैनी एकदा कसल्याशा दाखल्यासाठी एका कचेरीत गेली, तर कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पात्र का अपात्र?" नवऱ्याची आत्महत्या सरकारी मदतीला पात्र ठरली की नाही, असं त्याला विचारायचं होतं. वैनी म्हणाली, "माझा नवरा लढाईत गेला, भाऊ." तो म्हणाला, "मंग तुमची खिडकी पलीकडं." ही गोष्ट तिनं मला हसत हसत सांगितली. मला हसू आलं नाही. तिचं दुःख ठेवायला त्या गर्दीत जागाच नव्हती.

दुकानातली पोट्टी त्याच गावांमधली. शेतीचं शिकणारी, आणि शेती करायची नाही एवढं मनाशी पक्कं केलेली. आधी निकाल पाहायचे, मग भरतीची जाहिरात, मग लढाई सुरू. "काका, भरतीत हे कामाले येते का?" एकानं अगदी मनापासून विचारलं. म्हटलं, येतं की, एका जागी बसायची सवय लागते. पण रात्री परतताना गाडीत मला त्याची दया आली. त्याला खरंच जायचं होतं.

खेळ वाईट होता असं मी म्हणणार नाही. ज्यानं कोणी बनवला त्यानं बंदुका नीट पाहिल्या होत्या. मॅगझिन कसं बसतं, बोल्ट कसा ओढतात, सगळं जागच्या जागी. रिकामी पुंगळी दगडावर पडल्यावर जी बारीक किणकिण होते तीही त्यात होती. पहिल्या दिवशी तो आवाज कानात गेला तेव्हा माझी मान आपोआप खाली झुकली, आणि मी खुर्चीवर बसलोय हे ध्यानात यायला वेळ लागला. तेवढ्यापुरता मी त्या बनवणाऱ्याला सलाम करतो.

पण पोट्टी "लय रियल आहे काका" म्हणायची तेव्हा माझं टाळकं सरकायचं. अरे, काय रियल? त्या शिपायाला तहान नाही. पाठीवर ओझं नाही. वीस किलो घेऊन उभा चढ चढणारा माणूस दर दहा पावलांनी थांबतो, आणि त्या दहा पावलांत त्याला शत्रूही आठवत नाही की देशही आठवत नाही, अकरावं पाऊल तेवढं आठवतं. हा आपला उधळल्यासारखा धावतोय. त्याच्या टाचांना भेगा नाहीत. स्टोव्हच्या काजळीनं त्याचं नाक काळं झालेलं नाही. बर्फात पोट बिघडलं म्हणजे काय शौर्य दाखवावं लागतं, ते कुठल्याच खेळवाल्याला सुचलेलं नाही. गोळी लागली की भिंतीमागं बसायचं, दोन मोठे श्वास घ्यायचे, झाला ठणठणीत! मेला तरी दहा सेकंदांत उभा, आणि उभा राहून शेजाऱ्याकडे चिवडा मागतो.

आणि शत्रू म्हणे समोर दिसतो. मी सतरा वर्षांत शत्रू धडधडीत असा दोनदा पाहिला. त्यातला एक पहाटे हातात टमरेल घेऊन खडकाआड निघाला होता. आमच्यापैकी कोणीही त्याच्यावर गोळी झाडली नाही. कोणी तसं बोललंही नाही, पण सगळ्यांची नजर दुसरीकडे वळली. हे मी पोट्ट्यांना सांगितलं तर ती म्हणाली, "काका, पॉइंट गेले ना मंग!"

सगळ्यात खोटा होता तो सेट. सेट म्हणजे आमचा वायरलेस. खेळात कानाशी एक साहेबी आवाज येतो, अगदी स्वच्छ. डावीकडे दोघे, पुढं चला, थांबा. आणि सगळ्यांना सगळं समजतं. खरखर नाही, मध्येच तुटणं नाही. कोणी म्हणत नाही, "काय? पुन्हा बोल." कोणी भलतंच ऐकत नाही. मी हे तावातावानं सांगत होतो आणि मध्येच थांबलो. वैनी कूलरसमोरून माझ्याकडे पाहत होती. मी चहाचे पेले उचलून धुवायला गेलो.

मग तो वैशाखातला रविवार आला. गाडी कधी नव्हे ती वेळेवर पोचली आणि मी स्टेशनवरून पायीच आलो. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरलो तर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर वैनी एकटी बसलेली. कानावर हेडफोन, पदर खोचलेला, माऊस दोन्ही हातांनी धरलेला. पडद्यावर बर्फाचा डोंगर, आणि त्या डोंगरावर एक शिपाई सावकाश चढतोय. बंदूक पाठीला, गोळी नाही, धावपळ नाही. नुसता चढतोय.

मी खाकरलो. ती दचकली, मग हेडफोन काढून ओशाळं हसली.

"रोज दुपारी खेळतो मी, भाऊजी. पोट्टे जेवाले गेले का."

वैनी भावाभावांत वाढलेली, बोलताना कधी 'खेळते' म्हणायची, कधी 'खेळतो'. मी म्हटलं, "गोळी तर मारत नाही तुम्ही."

"मले कोनाले मारा लागते? मी चढून पाह्यतो." ती पुन्हा पडद्याकडे वळली. "मले तिथलं काईच माहीत नाही ना. तुमी दोघाईचे फोटो आहे, त्याच्यात तुमी नुसते दात दाखवता. मंग आठ वर्षं मी त्याले पाहू तं कोठी पाहू? याच्यात डोंगर तरी आहे."

तिचा नवरा मेला ती जागा ती एका परदेशी खेळात शोधत होती, आणि ती जागा ज्यानं पाहिली तो माणूस महिन्याच्या महिन्याला तिच्यासमोर बसून पापड खात होता.

"असाच होता का डोंगर?" तिनं विचारलं.

"नाही. चढ याच्याहून उभा. आणि एवढं पांढरं नसतं, मळकं असतं."

"मंग दाखवा मले."

मी शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलो. पोट्ट्यांनी शिकवलं होतं तेवढ्यावर दोघं एकाच डोंगरावर उतरलो. दुसरं कोणी नव्हतं, शत्रू बंद करून ठेवायची सोय त्या खेळात होती. ती सोय मात्र मला फार आवडली.

"तुमी कोठी होते?"

"वर. तो काळा खडक दिसतो, तिथं."

"जा मंग तिथी. अन् तो?"

"खालून येत होता."

"मंग मी तो," वैनी म्हणाली आणि आपला शिपाई घेऊन खाली गेली.

मी खडकापाशी पोचलो आणि तिला सांगू लागलो. खालून वर येताना मध्ये साठेक पावलांचा उघडा पट्टा होता. समोरच्या शिखरावरून त्यांची बंदूक त्या पट्ट्यावर लागलेली. म्हणून आपला माणूस निघाला की बाजूच्या ठाण्यावरून आपली मशीनगन त्यांच्यावर चालायची. ती चालू असेतो ते डोकं वर काढत नसत. पण आपल्या मशीनगनवाल्याला तो पट्टा दिसत नव्हता, मध्ये कडा होता. त्यामुळे वर खडकापाशी सेट घेऊन एक जण बसायचा आणि त्याला सांगायचा, निघाला, येतोय, पोचला. पोचला म्हटलं की मशीनगन थांबायची.

"सेटवर कोण होतं?"

"मी."

तिनं मान हलवली आणि निघाली. मी म्हटलं, धावू नका, दहा पावलं चाला आणि थांबा. ती दहा पावलं चालायची, थांबायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या खरोखर श्वास घ्यायची. पुन्हा दहा पावलं. मला हसू येत होतं. माझ्या पडद्यावर मळक्या पांढऱ्यावर एक ठिपका वर सरकत होता. तो खेळ नव्हता मग माझ्यासाठी. मी सवयीनं विचारलं, "कुठवर आला?"

पडद्यावरची नजर न काढता वैनी म्हणाली, "येऊन राहिली ना, भाऊजी!"

माझ्या हातून माऊस सुटला. त्याच वेळी लाइट गेली. दोन वाजले होते, ती रोज दोनला जायचीच. पडदे काळे झाले, कूलर थांबला.

"जाऊ द्या लाइट," वैनी म्हणाली. "तुमाले काय झालं?"

"वैनी, त्याला मी मारलं."

पुढचं मी तिला कसं सांगितलं ते नीट आठवत नाही, पुष्कळ तुटक सांगितलं असणार. इथं सरळ लिहितो.

आमच्या वऱ्हाडात 'येऊन राहिला' म्हणजे येतो आहे, अजून वाटेवर आहे. हे इकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. साताऱ्याच्या माणसाला त्याचा अर्थ वेगळाच लागतो. आला, आणि इथंच राहिला. यावरून पलटणीत आमची कोण टिंगल! मी "जेवून राहिलो" म्हणालो की साताऱ्याची पोरं म्हणायची, "जेवून कुठं राह्यलास रं? खोली घेतलीस का भाड्यानं?" म्हणजे हा घोटाळा मला माहीत नव्हता असं नाही. दहा वर्षं त्यावर हसत होतो. सेटवर हिंदीतच बोलायचा हुकूम होता आणि मी हिंदीतच बोलायचो.

त्या दिवशी तो मला आठवड्यानं दिसला. पाठीवर रॉकेलचा कॅन, छातीशी डाकेची थैली, आणि तोंडात शिव्या. बर्फाला शिव्या, रॉकेलला शिव्या, वर बसलेल्या मला शिव्या. अर्धा पट्टा ओलांडून त्यानं माझ्याकडे पाहून हात हलवला. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. सेटवर बाजूच्या ठाण्यावरचा साताऱ्याचा गडी होता. त्यानं विचारलं, "आला का तुझा दोस्त?" हुकूम मोडून त्यानंही मराठीतच विचारलं. आणि माझ्या तोंडून घरची बोली निघाली, "येऊन राहिला, येऊन राहिला!" एकदा नाही, दोनदा म्हणालो. आमची मशीनगन थांबली. त्याची पंचवीस पावलं उरली होती.

चूक त्या साताऱ्याच्या गड्याची नव्हती. त्यानं ऐकलं ते त्याच्या भाषेत बरोबर होतं. त्याला मी आजवर काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. त्याला लेकरंबाळं आहेत, झोपू दे सुखानं.

"क्षणात गेला नाही तो, वैनी," मी म्हणालो. "मी त्याला खडकाआड ओढलं. पाऊण तास माझ्या मांडीवर होता. शुद्धीत होता."

"काई बोलला का?"

हाच प्रश्न मी आठ वर्षं चुकवत होतो.

"एकच विचारत होता, का म्हणून. कावून थांबले बे ते? कावून थांबले?"

वैनीनं पदर तोंडाला लावला. बाहेर रस्त्यावर एक ऑटो भोंगा वाजवत गेला. दुकानात हवा कोंडली होती आणि दोघांच्याही कपाळावरून घाम ओघळत होता. ती म्हणाली, "मंग तुमी काय सांगतलं त्याले?"

"मशीन जाम झाली म्हणालो. थंडीनं जाम झाली म्हणालो."

मला वाटलं आता वैनी उठेल आणि थोबाडीत मारेल. मारावं असं मला वाटतही होतं.

"बरं केलं," वैनी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"बरं केलं नाई सांगतलं ते. खरं सांगतलं असतं तं तो तुमचीच समजूत काढत बसला असता. मले माहीत आहे ना तो. जाऊ दे बे, होते असं, रडू नको बे, असंच करत गेला असता. तुमी खोटं बोलले मून तेवढा पाऊण तास त्याले सोताचा भेटला."

मी रडलो. फौजेत शिकवलेलं सगळं विसरून, हुंदके देऊन रडलो. कारण ते खरं होतं. तो अगदी तसाच होता, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं.

वैनी उठून उभी राहिली. शटरपाशी गेली, परत आली. तिचा आवाज बदलला होता.

"पण मी तो नाही, भाऊजी. माझ्याच्यानं नाही होत तुमची समजूत काढणं. तुमी आठ वर्षं माह्या घरी जेवले अन् मले एका शब्दानं बोलले नाही. मले राग येऊन राहिला. लय राग येऊन राहिला. तुमी जा आता."

मी गेलो. उपाशीच स्टेशनवर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहिलो. छातीवरचा दगड उतरला, असं लोक म्हणतात. माझा उतरला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. आजवर तिला फसवल्याचा भार होता, आता तिला गमावल्याचा. पण खरं सांगू का, मला तिच्या रागाचा राग आला नाही. तिचा हक्क होता.

पुढच्या महिन्यात गेलो नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. रविवारी बडनेऱ्याला जायचो मात्र. सवयच होती. प्लॅटफॉर्मवर बाकावर बसायचो, पॅसेंजर यायची, दोन मिनिटं थांबायची, मी तिच्याकडे बघायचो, ती सुटायची. चहावाला ओळखीचा झाला होता. एकदा म्हणाला, "साहेब, तुमी कोनाले न्याले येता?" मी म्हटलं, कोणाला नाही, गाडी पाहायला येतो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या रविवारी मी बाक बदलला.

पोळा झाला. एका गुरुवारी, बँकेत पेन्शनरांची ही गर्दी, आतून कॅशियरनं हाक मारली की तुमचा फोन आहे. मला बँकेत कधीच कोणाचा फोन येत नसे. मी बंदूक खांद्याला अडकवून, रांग बाजूला सारून आत गेलो.

"भाऊजी, जिवंत आहे का मेले?"

"आहे, वैनी."

"मंग कावून नाही आले? तीन महिने झाले. पोट्टे इचारतात, काका कोठी गेले. मी काय सांगू त्याहिले?"

"तुम्ही रागावल्या होत्या ना."

"मी काय म्हणली होती?"

"राग येऊन राहिला म्हणाल्या होत्या. जा म्हणाल्या होत्या."

"हो, म्हणली होती," वैनी म्हणाली. "त्या दिवशी येऊन राहिला होता तं येऊन राहिला म्हणली. येऊन राहिला मंजे काय, येऊन मुक्कामाले राहिला का तो? खोली घेतली का त्यानं भाड्यानं? अवो, तुमी तं वऱ्हाडातले ना, भाऊजी! तुमाले कोनं साताऱ्याचं केलं?"

मी फोन कानाला धरून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्या बाया पासबुकं हातात धरून माझ्याकडे पाहायला लागल्या. पुसायला हात मोकळा नव्हता, एकात फोन आणि दुसऱ्यात बंदुकीचा पट्टा. कॅशियरनं खुर्ची पुढं केली.

"राग गेला का, वैनी?"

"नाही गेला सगळा. थोडा आहे. तुमी समोर बसान तं जाईन, फोनवर थोडीच जाते तो." मग म्हणाली, "रडणं आटपा आता, लोक पाहून राहिले असतीन. रविवारी या. अन् उपाशी या. त्या दिवशीच्या तुमच्या वाटच्या पाटोड्या मले दोन दिवस एकटीले खा लागल्या."